पाण्याची हालचाल आणि पाण्याखालच्या वनस्पतींची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढा, तळं, खाडी किंवा घरातली काचेची टाकी, यांपैकी कुठेही मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींबद्दलचे हे प्रश्न आहेत. कमळ किंवा जलपर्णीसारख्या, पानं पाण्यावर ठेवणाऱ्या वनस्पतींचं गणित वेगळं असतं. त्या हवेतून श्वास घेतात, म्हणून त्या इथे नाहीत.

पाणी हललं काय नि न हललं काय, झाडाला काय फरक पडतो? पाणी तर चारही बाजूंनी आहेच ना?

पाणी आहे, पण पाण्यातलं अन्न पानापर्यंत पोहोचायला हवं. सगळी अडचण तिथेच आहे.

प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेच्या तुलनेत हा वायू पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. निव्वळ विसरणाच्या, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याच्या, भरवशावर एका रेणूला पाण्यातून १ सेंटिमीटर सरकायला सरासरी ७ तास लागतात. अर्धा मिलिमीटर सरकायला एक मिनिट पुरतं, आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाला एक सेकंदही लागत नाही. अंतर दहापट कमी झालं की वेळ शंभरपट कमी होतो, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

आता पानाकडे बघू. पाणी कितीही जोरात वाहत असलं तरी पानाच्या पृष्ठभागाला टेकलेला पाण्याचा थर जवळजवळ स्थिर असतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली ही कल्पना मांडली आणि तिला सीमास्तर हे नाव पडलं. मूळ विचार द्रवांच्या गणितातला होता, पण पाणवनस्पतींचं पोट त्याच थरावर चालतं. बाहेरच्या पाण्यात कितीही कार्बन असला तरी शेवटचा हा टप्पा विसरणानेच पार करावा लागतो. पाणी थांबलं की हा थर जाड होतो आणि पाणी हललं की पातळ होतो. हालचालीचा झाडाला होणारा पहिला आणि सर्वांत मोठा फायदा हाच.

मग प्रवाह जितका जोरात, तितकी वाढ जास्त?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रवाह चौपट झाला की पानाजवळचा थर साधारण निम्मा होतो, कारण थराची जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे सेकंदाला १ सेंटिमीटरवरून ४ वर गेलात की थर निम्मा होतो. तो आणखी निम्मा करायचा तर १६ वर जावं लागतं, आणि त्याच्याही निम्मा करायला ६४ वर. पहिली पायरी स्वस्तात मिळते, पुढची प्रत्येक पायरी महाग होत जाते.

दुसरीकडे पाण्याचा धक्का उलट्या हिशोबाने वाढतो. ताठ वस्तूवरचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेग चौपट झाला की धक्का सोळापट होतो. झाडं लवचीक असल्याने वाकतात, पानं मिटून घेतात, प्रवाहाच्या दिशेने लांब होऊन पडतात आणि यातला बराच मार चुकवतात. तरीही थर निम्मा होण्याच्या मोबदल्यात कैकपट धक्का सोसणं, हा व्यवहार फार पुढे नेता येत नाही.

प्रयोगांतही हेच दिसतं. वेस्टलेक या संशोधकांनी १९६७ साली दाखवलं की सेकंदाला मिलिमीटरमध्ये मोजावा लागेल इतक्या मंद प्रवाहातही प्रकाशसंश्लेषणात फरक पडतो. म्हणजे फायदा सुरू व्हायला खळखळाटाची गरज नसते. १९९३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ओढ्यातल्या वनस्पतींवर सेकंदाला काही सेंटिमीटरच्या टप्प्यात मोजमापं घेतली. तिथे वेग वाढवल्यावर प्रकाशसंश्लेषण घटलं आणि श्वसन वाढलं, म्हणजे सतत हलवलं जाण्याचा ताण झाड भोगत होतं. हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटतं, पण ते एकाच टेकडीचे दोन उतार आहेत: आधी चढ, मग उतार.

एक आकडा सांगा. किती वेग चांगला?

एकच आकडा सांगणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नका. तरी ढोबळ चौकट अशी. सेकंदाला ० ते ५ सेंटिमीटर या टप्प्यात बऱ्याच प्रजातींसाठी प्रत्येक सेंटिमीटरला किंमत आहे. त्यापुढे दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत बऱ्याच प्रजातींना फारसा नफाही नसतो आणि तोटाही नसतो. कॅनडातल्या बो नदीवर चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात वेग वाढत गेला तसा वनस्पतींचा एकूण भार घटत गेला, आणि सेकंदाला १ मीटरच्या पुढे वनस्पती विरळाच सापडल्या. समुद्री गवतं जास्त चिवट असतात. झोस्टेरा मरीनाची कुरणं सेकंदाला सव्वा ते दीड मीटरच्या भरती-ओहोटीच्या ओढीतही टिकतात.

हा वेग नेमका कुठे मोजायचा?

आकड्यापेक्षा मोलाचा प्रश्न हा आहे. पात्राच्या मध्यभागी पृष्ठभागावर मोजलेला वेग आणि झुबक्याच्या आतला वेग यांचा अनेकदा काही संबंध नसतो. दाट वाढलेल्या झुबक्यात पाणी बाहेरच्या वेगाच्या दहाव्या भागाइतकंही मंदावतं. बहुतेक पाणी त्याला वळसा घालून किंवा त्याच्या डोक्यावरून निघून जातं. त्यामुळे ‘आमच्या ओढ्याला चांगला प्रवाह आहे, तरी झाडं आतून पिवळी पडतात’ या तक्रारीत काहीच विसंगती नाही. ओढा वाहतो आहे, झुबक्याचा गाभा मात्र डबक्यात आहे.

झाडंच प्रवाह मंद करतात, म्हणजे ती स्वतःचंच नुकसान करून घेतात का?

थोडं नुकसान, थोडी कमाई. मंदावलेल्या पाण्यातून बारीक गाळ खाली बसतो, आणि त्या गाळात फॉस्फरस आणि नायट्रोजन असतं. मुळं असलेल्या बहुतेक पाणवनस्पती फॉस्फरस मुख्यतः मुळांवाटे गाळातूनच घेतात, म्हणजे झुबका स्वतःचं खत स्वतःच गोळा करतो. जोरदार प्रवाहाच्या तळाशी फक्त गोटे आणि भरड वाळू उरते. तिथे मुळांना धरायला जागा असते, पण खायला फारसं काही नसतं.

मात्र गाळ साठतच गेला तर दुसरी बाजू दिसू लागते. सेंद्रिय गाळात प्राणवायू संपतो, सल्फाइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि मुळं दुबळी होतात. मऊ, भुसभुशीत गाळात पकडही कच्ची असते. मग एखादा पूर येतो आणि अख्खा झुबका गाळासकट उचलून नेतो. जागा पुन्हा उघडी पडते आणि नव्याने सुरुवात होते. ओढ्यांतल्या वाढीचा वार्षिक लंबक बऱ्याचदा असाच फिरतो. म्हणून पुराला केवळ विध्वंस म्हणणं मला पटत नाही. खाली राहिलेल्या तुकड्यांसाठी आणि बियांसाठी ती मशागतच असते.

कुरणासारख्या पसरलेल्या दाटीवर आणखी एक गंमत दिसते. पानांच्या टोकांवरून जोरात जाणारं पाणी आणि आतलं संथ पाणी यांच्या सांध्यावर भोवरे उठतात, आणि वाऱ्यावर शेत डोलावं तशी अख्खी दाटी लयीत डोलते. याला ‘मोनामी’ म्हणतात. जपानीत ‘मो’ म्हणजे पाणवनस्पती आणि ‘नामी’ म्हणजे लाट. दिसायला सुंदर आहेच, पण प्रत्येक डोलण्याबरोबर वरचं ताजं पाणी थोडंथोडं आत ढकललं जातं.

काही झाडांची पानं केसांसारखी बारीक, काहींची फितीसारखी लांब. याचा प्रवाहाशी संबंध आहे का?

आहे, पण वाटतं तितका सरळ नाही. थराची जाडी पानाच्या प्रवाहाच्या दिशेतल्या लांबीवरही अवलंबून असते. पाणी पानावरून जितकं लांब सरकतं तितका थर जाड होत जातो. पान बारीक तुकड्यांत विभागलं की प्रत्येक तुकड्यावर थर नव्याने, पातळ सुरू होतो. कॅबोम्बा, मिरिओफायलम, सेराटोफायलम यांची पिसांसारखी पानं संथ पाण्यातही तग धरतात, त्यामागे हे एक कारण आहे. फितीसारखी पानं, उदाहरणार्थ व्हॅलिस्नेरियाची, प्रवाहाला समांतर पडतात आणि धक्का कमी घेतात.

पण ‘बारीक पान म्हणजे संथ पाण्याचं झाड’ हे सूत्र पाठ करू नका. वाहत्या ओढ्यांत वाढणाऱ्या काही रॅनन्क्युलसच्या जाती केसाळ पानांच्याच आहेत. त्यांचे लांब, लवचीक झुबके प्रवाहात वेणीसारखे एकत्र येतात आणि आतल्या पानांना झाकून घेतात.

सगळ्याच वनस्पतींना हालचालीची सारखीच गरज असते का?

मुळीच नाही. पाण्यातला कार्बन दोन मुख्य रूपांत मिळतो: मुक्त कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट. हवेशी समतोल राखलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सियसला मुक्त कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम असतो. कठीण पाण्यात बायकार्बोनेट मात्र त्याच्या कितीतरी पट असतं.

हायड्रिला, एलोडिया, व्हॅलिस्नेरिया आणि पोटॅमोजेटॉनच्या अनेक जाती बायकार्बोनेटही वापरू शकतात. त्यांतल्या काही तर पानाच्या खालच्या बाजूचा थर स्वतः आम्ल करतात, त्यामुळे तिथल्या बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. पानाच्या वरच्या बाजूला कधी कधी चुनखडीची पांढरी पूड दिसते, ती या व्यवहाराची पावती. गंमत म्हणजे या युक्तीला तो स्थिर थरच कामाला येतो, कारण फार जोराच्या पाण्यात आम्ल लगेच धुऊन जाईल.

याउलट फॉन्टिनॅलिससारख्या पाणशेवाळींना बायकार्बोनेट वापरता येत नाही. त्या मुक्त कार्बन डायऑक्साइडवरच अवलंबून असतात, आणि थंड, खळखळत्या ओढ्यांतल्या दगडांवर त्या जोमाने दिसतात. शिवाय आयसोइटिस आणि लोबेलिया डॉर्टमाना ही मंडळी कार्बन डायऑक्साइड चक्क मुळांवाटे गाळातून घेतात. त्यांना पानाभोवतीच्या प्रवाहाचं फारसं पडलेलं नसतं.

प्राणवायूचं काय?

दिवसा पानातून प्राणवायू बाहेर पडतो. स्थिर पाण्यात तो पानाभोवतीच साचतो, आणि तिथला कार्बन डायऑक्साइड मात्र संपत जातो. या स्थितीत कार्बन पकडणारं विकर, म्हणजे रुबिस्को, चुकून प्राणवायूच पकडतं आणि मिळवलेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. दाट दाटीत दुपारी पाण्याचा सामू (pH) १० पर्यंत चढतो, तेव्हा मुक्त कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपलेला असतो. रात्री उलटं होतं. झाडालाही श्वसनाला प्राणवायू हवा असतो, आणि तो स्थिर पाण्यातून सावकाशच मिळतो. हलत्या पाण्यात दोन्ही टोकं सौम्य होतात.

लाटा आणि प्रवाह यांत फरक करायचा का?

करायलाच हवा. प्रवाह एका दिशेने ओढतो, लाट पुढेमागे झुलवते. पानाजवळचा थर लाटेच्या प्रत्येक उलट फेरीत विस्कटतो, त्यामुळे तितक्याच वेगाच्या एकसारख्या प्रवाहापेक्षा झुलतं पाणी कधी कधी जास्त पोषण पोहोचवतं.

पण लाट तळ ढवळते. लाटेचा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचतो. त्या खोलीवर हालचाल पृष्ठभागाच्या तुलनेत जेमतेम ४ टक्के उरते. म्हणजे ४ मीटर लांबीची लाट २ मीटरपेक्षा उथळ तळाला हात घालते. वाऱ्याला धावायला जितकं मोकळं पाणी मिळेल तितकी लाट लांब. म्हणूनच मोठ्या तळ्याच्या एका काठावर हिरवी दाटी आणि समोरच्या काठावर उघडे खडे असं चित्र दिसतं, जरी दोन्हीकडे पाणी तेच असलं तरी.

पाणी गढूळ होतं, हा हालचालीचाच दोष ना?

बऱ्याचदा हो, आणि उथळ तळ्यांत हा दोष सर्वांत घातक ठरतो. ढवळलेला गाळ प्रकाश अडवतो आणि पानांवर बसतो. प्रकाशच नसेल तर पातळ सीमास्तर घेऊन झाड काय करणार?

इथे एक चक्र आहे. वनस्पती असतील तर त्या लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं आणि आणखी वनस्पती वाढतात. त्या गेल्या की तळ उघडा पडतो, पाणी गढूळ होतं आणि नव्या रोपांना प्रकाश मिळत नाही. त्यामुळे एकदा गढूळलेलं उथळ तळं आपसूक नितळत नाही. थोडी लागवड करून पाहणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते. सुरुवातीला आडोसा, म्हणजे लाट मोडणारा एखादा अडसर, दिला तर रोपांना उभं राहायला वेळ मिळतो.

प्रवाहातली झाडं बुटकी आणि जाड का दिसतात?

सतत हलवल्या जाणाऱ्या झाडात वाढीची दिशाच बदलते: खोड आखूड, पेरं जवळजवळ, मुळांकडे जास्त खर्च. स्पर्शाने होणाऱ्या अशा बदलांना मार्क जाफ यांनी १९७३ साली ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असं नाव दिलं. उच्चारायला अवघड, पण कुंडीतलं झाड रोज कुरवाळलं तर बुटकं राहतं, त्याच जातीची ही गोष्ट. पाण्यात आणखी एक घटक आहे. इथिलीन हा वायुरूप संप्रेरक पाण्यातून सावकाश बाहेर पडतो. तो आत साचला की पाण्यात आणि काठावर दोन्हीकडे जगणाऱ्या अनेक वनस्पतींची खोडं लांबायला लागतात.

पानांवर शेवाळ चढतं. प्रवाह वाढवला तर जाईल का?

सैल, धाग्यांचं शेवाळ काही प्रमाणात सुटतं. घट्ट चिकटलेली बुळबुळीत साय सहसा जात नाही, उलट वाहत्या पाण्यात तिलाही जास्त पोषण मिळतं. मुख्य उपाय पोषकद्रव्यं कमी करणं आणि शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी, हाच.

काचेच्या टाकीत फिल्टरचा झोत किती ठेवावा?

तासाला टाकीच्या आकारमानाच्या ५ ते १० पट पाणी फिरावं, असा छंदिष्टांमधला प्रघात आहे. सुरुवात म्हणून तो ठीक आहे. त्यापेक्षा पानांकडे बघा. टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यातली पानं हलकेच डोलत असावीत, कुठेही सतत आडवी झोपलेली नसावीत. एका बाजूने जोराचा झोत आणि मागच्या कोपऱ्यात मृत पाणी, ही सर्वांत वाईट मांडणी.

पृष्ठभाग किती हलवायचा हे मात्र तुम्ही वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडता की नाही यावर ठरतं. सोडत असाल, तर फार खळबळ केल्याने तो हवेत उडून जातो. सोडत नसाल, तर हीच खळबळ फायद्याची, कारण दिवसा झाडांनी संपवलेला वायू हवेतून पुन्हा भरून येतो. ‘पृष्ठभाग हलवू नका’ हा सल्ला दोन्ही टाक्यांना सरसकट दिला जातो, आणि दुसऱ्या प्रकारच्या टाकीत तो चक्क उलटा पडतो.

झोत वाढवल्यावर पानांवरचे बुडबुडे बंद झाले. झाड थांबलं का?

बहुधा नाही. बुडबुडे दिसतात ते पानाजवळ विरघळायला जागा न उरलेल्या प्राणवायूचे. प्रवाह तो वाहून नेऊ लागला की बुडबुडा तयारच होत नाही. बुडबुडे मोजून वाढीचा अंदाज बांधायचा असेल तर प्रवाह तोच ठेवूनच तुलना करा.

पूर्ण स्थिर पाण्यात काय लावावं?

सेराटोफायलम. त्याला मुळंच नसतात, पोषण थेट पाण्यातून घेतं, आणि जोराच्या प्रवाहात तसंही ते टिकत नाही. हायड्रिलाही स्थिर पाण्यात जोमाने वाढतो. कार्बन कमी पडला की तो प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच बदलून, मका-उसासारख्या रसायनमार्गाने, मिळेल तो कार्बन एकवटतो. पण उघड्या तळ्यात हायड्रिला सोडण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

प्रवाहाने वनस्पती पसरतात का?

हो, आणि बियांपेक्षा तुकड्यांनी जास्त. हायड्रिला किंवा एलोडियाचा पेरासकटचा लहानसा तुकडा वाहत जाऊन दुसरीकडे रुजतो. कापणी करून तुकडे पाण्यातच सोडले तर खालच्या टप्प्यात आपणच लागवड केली असं समजा. परागणातही पाण्याचा हात असतो. व्हॅलिस्नेरियाची नर फुलं तळाशी सुटून वर येतात आणि तरंगत मादी फुलापर्यंत पोहोचतात. तिथे पृष्ठभाग शांत असणंच सोयीचं.

साध्या साधनांनी हालचाल कशी मोजू?

पृष्ठभागाचा वेग तरंगत्या वस्तूने मोजा: ठरावीक अंतर, लागलेला वेळ, आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणलं की पात्रातला सरासरी वेग साधारण मिळतो. झुबक्याच्या आत काय चाललंय ते बघायला ड्रॉपरने खाण्याच्या रंगाचा एक थेंब पानाजवळ सोडा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते पहा. वेगवेगळ्या जागांची तुलना करायची असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सारख्या वजनाच्या वड्या वाळवून, तोलून, दोरीने बांधून एक-दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा वाळवून तोला. जिथे वडी जास्त झिजली तिथे पाणी जास्त हललं. पाण्याचं तापमान सगळीकडे सारखं असेल तरच ही तुलना खरी.

धबधब्यातल्या दगडांवर चिकटलेली फुलझाडं दिसतात, ती कशी टिकतात?

ती पोडोस्टेमेसी कुळातली. लांबून शेवाळ किंवा दगडफूल वाटावीत अशी, पण खरीखुरी फुलं येणारी. मूळ, खोड, पान हा नेहमीचा भेद त्यांच्यात पुसट झालेला असतो. चपटं अंग दगडाला चिकटतं आणि त्या चिकटण्यात सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीत थराचाही हात असतो. इतर पाणवनस्पती जिथे वाहून जातात तिथे यांना प्रकाश, वायू आणि जागा सगळं बिनस्पर्धेचं मिळतं. पाणी ओसरून दगड उघडे पडले की त्या घाईघाईने फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. बारीक बी ओलं झालं की चिकट होतं आणि पुढच्या पाण्याआधी दगड पकडून ठेवतं. धरण बांधून असा खळाळ संथ केला की या वनस्पती त्या जागेवरून नाहीशा होतात.